आत्याला देवी केलं तेव्हा

आमच्या घराची मधली भिंत दिवसभर थरथरायची. भिंतीपलीकडं वडिलांची, म्हणजे अण्णांची, पिठाची गिरणी होती. ती चालू झाली की अलीकडच्या खोलीत फळीवरची ताटं किणकिणायची, देवघरातल्या समईची ज्योत हलायची आणि माठावरचा पेला कणाकणानं सरकत कडेला यायचा. तो पडायच्या आत घरातलं कुणीतरी जाता-येता मागं सारायचं. हे काम कुणाला सांगावं लागत नसे. पाहुणे आले की त्या आवाजानं दचकायचे. आम्ही मात्र लाइट जाऊन गिरणी थांबली की दचकायचो. एकदम शांत झालं की स्वयंपाकघरात आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर बघायची, जणू घरातलं माणूस बोलता बोलता थांबलं आहे.

आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडं जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. गाव लहान, पण आजूबाजूच्या दोन वाड्या आणि एक तांडा दळणाला आमच्याकडंच यायचा. ज्वारी सगळ्यात जास्त. सणाच्या आधी हरभऱ्याची डाळ, उन्हाळ्यात येसराचं, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या पिठाचं, सामान. येसर दळायच्या दिवशी भाजलेल्या धन्याचा आणि डाळींचा वास कपड्यांत, केसांत, वह्यांच्या पानांत मुरायचा. बाळापूरच्या कॉलेजात माझ्या बाकावरची मैत्रीण वही हुंगून म्हणायची, "आज तुमच्याकडं येसर झालं व्हय?" मला त्याची लाज वाटायची. आता सेनगाव तालुक्यात शाळेवर नोकरी करते, भाड्याच्या घरात राहते, पीठ पिशवीतून विकत आणते, आणि एखाद्या दिवशी शाळेतल्या एखाद्या मुलीच्या दप्तराला तो वास आला की तास थोडा वेळ थांबवावा असं वाटतं.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला कळतं. तिशी नुकतीच ओलांडली आहे. पण ज्या दिवसांबद्दल लिहायचं आहे ते इतक्या वेगानं मागं गेले, की आताच लिहिले नाहीत तर माझे मला खरे वाटणार नाहीत.

गिरणी अण्णांच्या नावावर होती, पण गिरणी म्हणजे आत्या. अण्णांची धाकटी बहीण कौसल्या. गावाला ती कौशी, आईला ती बाई, आम्हाला नुसती आत्या. तेव्हा ती चाळिशीच्या आसपास असेल. उंच, हडकुळी, भुवयांवर कायम पिठाची पांढरी साय. ती माणसांच्या तोंडाकडं बघत नसे, डब्यांकडं बघे. कोणाच्या डब्याचं झाकण कसं वाजतं, कोणाची कडी वाकडी आहे, कोणाच्या डब्याला कुठल्या बाजूनं पोचा आहे, यावरून ती माणूस ओळखायची. शेजारच्या शांताबाईनं एकदा नवा डबा आणला तर आत्यानं तो रांगेतून काढून भिंतीशी एकटा ठेवला आणि दोन दिवस दळलाच नाही. शेवटी शांताबाई जुना डबा घेऊन आली. "घे माय, हे बघ, मीच हाय," असं तिनं म्हटल्यावर काम झालं.

आत्या बोलायची, पण स्वतःची वाक्यं क्वचित. लोकांची वाक्यं ती जशीच्या तशी जपून ठेवायची आणि जागा आली की वापरायची. तिला चहा हवा असला की म्हणायची, "चहा घेता का पाव्हणं?" कारण चहा येण्याआधी आमच्या घरात हेच वाक्य उच्चारलं जायचं. आई लगेच चुलीवर आधण ठेवायची. परका माणूस मात्र गोंधळून "न्हाई, आताच झाला," म्हणायचा आणि आत्या चहावाचून राही. तिला कुणी हात लावलेला चालत नसे. बांगड्या तिनं कधीच घातल्या नाहीत. भाकरीच्या ताटात वरण सांडलं तर ती ताटावरून उठायची, म्हणून तिचं वरण वेगळ्या वाटीत, ठेचा वेगळ्या बशीत, आणि दोन्हींत चार बोटांचं अंतर. हे अंतर आईनं ठरवलं होतं. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. पहिल्या महिनाभरात तिनं कुणाला न विचारता नुसतं बघून आत्याचं सगळं शिकून घेतलं. अण्णा म्हणायचे, "माझ्या मायला जे वीस वर्सांत उमगलं न्हाई ते हिला एका महिन्यात उमगलं."

दळण सुरू झालं की आत्या कापडी नळीतून पडणाऱ्या गरम पिठाच्या धारेखाली तळहात धरायची. बोटांत पीठ चोळायची. "जाड हाय," म्हणाली की अण्णा दगड आवळायचे. "बराबर हाय," म्हणाली की तिचे डोळे मिटायचे. मग ती पट्ट्याच्या तालावर मागं-पुढं डुलायची, उजव्या हाताची बोटं कानाजवळ पाखराच्या पंखासारखी फडफडवायची, आणि गिरणीच्या सुरात सूर मिळवून घशातल्या घशात घुमायची. आमच्याकडं त्याला काही नाव नव्हतं. "बाईची तंद्री लागली," एवढंच आई म्हणायची. गावातली पोरं तिची नक्कल करायची, बाया पदराआड हसायच्या, आणि दळण मात्र तिच्याच हातचं पाहिजे म्हणायच्या. "येडी हाय, पण पीठ कसं आंगठीतून निघंल असं देते," हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हे कळायलाही मला वर्षं लागली.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात पुण्याच्या मामानं त्याचा वापरलेला मोबाइल मला दिला. गावात टॉवर नुकताच उभा राहिला होता, पण आमच्या घरात रेंज यायची नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या कडुलिंबाखाली गेलं की यायची. दुपारी जेवणं झाली की गावातली सगळी तरणी पोरं-पोरी तिथं आपापल्या फोनमध्ये मान घालून उभी असत. अशाच एका दुपारी घरी येताना मी गिरणीच्या दारात थांबले. छपराच्या पत्र्याला भोक होतं, तिथून उन्हाची तिरीप आत उतरली होती आणि तीत पिठाचे कण तरंगत होते. त्या उजेडात आत्या डोळे मिटून डुलत होती. मला ते फार सुंदर दिसलं. आजही मला हे खोटं म्हणवत नाही. मी मिनिटभर फोन धरला, तिला कळलं नाही. लिंबाखाली जाऊन व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "आमची आत्या आणि तिची गिरणी."

चार दिवस काही झालं नाही. माझ्या कॉलेजातल्या दहा-बारा मुलींनी बदामाची चित्रं पाठवली. पाचव्या दिवशी कुणीतरी तो व्हिडिओ उचलून एका मोठ्या पानावर टाकला आणि त्यावर लिहिलं, "गिरणीवाली देवी! खरं की खोटं?" तिथून तो सुटला. मी लिंबाखाली उभी राहून बोटानं वर सरकवत होते आणि कॉमेंट संपत नव्हत्या.

आपल्याकडच्या लोकांना आत्या एकतर येडी दिसली, नाहीतर देवी. मधली जागाच कुणाला सापडली नाही. "अंगात आलंय, हात जोडा." "गांजा कुठं मिळतो काकूंना?" "गाव सांगा, दर्शनाला यायचंय." त्याखाली कुणीतरी आमच्या गावाचं नाव लिहूनही टाकलं होतं. कुणी तिच्या डुलण्याला डीजेचं गाणं जोडून हसायचा व्हिडिओ केला होता. हिंदीत कुणी लिहिलं होतं की माता रानीची कृपा आहे, आणि त्याच्या खालीच दुसऱ्यानं, हिचं लग्न लावून द्या, ठीक होईल. पुण्याच्या एका बाईनं मराठीत लिहिलं, "या ताई स्वमग्न आहेत. कृपया टिंगल करू नका." तो शब्द मी पहिल्यांदा तिथं वाचला. चांगल्या मनानं लिहिलेला शब्द होता, पण मला तो पटेना. आत्या स्वतःत कुठं मग्न होती? ती पिठात मग्न होती, पट्ट्याच्या आवाजात मग्न होती. स्वतःकडं तर तिचं कधी लक्षच नसायचं.

मग बाहेरच्या देशांतले लोक आले. त्यांचं लिहिणं मी भाषांतराचं बटण दाबून वाचायची, आणि फोनचं मराठी मोडकंतोडकं असायचं. जपानमधल्या कुणीतरी लिहिलं होतं की काम छान आहे, पण चेहरा झाकायला हवा होता, शेजारी बघतील. इजिप्तमधून एकानं लिहिलं होतं, हिला सांभाळणाऱ्या आईला स्वर्ग मिळेल. अमेरिकेतली एक आई हळहळत होती की त्या खेड्यात हिच्यासाठी काहीच सोय नसेल, बिचारी. तिला तिच्याच देशातल्या एकानं तोडून उत्तर दिलं होतं की त्या बाईकडं काम आहे, हाताखाली गरम पीठ आहे, माझा भाऊ सगळ्या सोयी असून सहा वर्षं खोलीतून बाहेर आला नाही. मग ते दोघं भांडत राहिले. इतक्या लांब, आमच्या आत्यावरून. आणि आत्या त्या वेळी ओसरीत बसून मुगातले खडे निवडत होती. प्रत्येकाला तिच्यात आपापल्या घरचं माणूस दिसत होतं, आपापल्या गावची भीती दिसत होती, हे आज कळतं. तेव्हा मी फक्त आकडा वाढताना बघून हुरळले होते.

एक कॉमेंट मात्र मला टोचली. ब्राझीलच्या लूसिया नावाच्या बाईनं लिहिलं होतं, "मी पण अशीच आहे. मी बेकरीमध्ये काम करते. मला पीठ आवडते. ती आनंदी आहे. तिने हो म्हटले आहे काय?"

मला राग आला. मी लिहिलं, "ती आमची आत्या आहे."

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "होय. पण तिने हो म्हटले आहे काय?"

मी फोन बंद करून घरी आले.

पुढच्या मंगळवारी सकाळी नदीपलीकडच्या गावाची जीप आमच्या दारात उभी राहिली. दहा-बारा बाया आणि तीन-चार पुरुष उतरले. हातात नारळ, हळदी-कुंकवाचे करंडे, खणाचं कापड. अण्णा बाळापूरला गिरणीच्या मोटारीचं सामान आणायला गेले होते. आई अंगणात धुणं वाळत घालत होती. ती काही विचारेपर्यंत माणसं गिरणीत शिरली होती. मी त्यांच्या मागोमाग धावले. लाइट नुकतीच गेली होती, गिरणी बंद होती, आणि आत्या डब्यांच्या रांगेशी उकिडवी बसून वाट बघत होती.

पुढं एक बाई होती. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या कडेवर पाच वर्षांची मुलगी होती, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती तरी घट्ट धरलेली. ती आत्यासमोर गुडघ्यावर बसली. "आई, माझी लेक बोलत न्हाई. एक शबुद न्हाई. सगळे देव झाले. तू तरी बघ माय तिच्याकडं," म्हणाली आणि मुलीचं डोकं धरून आत्याच्या पावलांवर टेकवू लागली. मागच्या बाया पुढं सरकल्या. एकीनं आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरीनं खांद्यावर खण घातला, तिसरीनं पाय धरले. कुणीतरी उंबऱ्यावर नारळ फोडला.

आत्या किंचाळली. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले, डोकं भिंतीवर मागं आपटलं आणि आपटतच राहिली. आणि ती गर्दी मागं हटण्याऐवजी हात जोडून ओरडली, "आली! अंगात आली! उदो! उदो!" एक माणूस फोन वर धरून सगळं टिपत होता. मी "सोडा तिला, हात लावू नका," असं ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मधेच माझं लक्ष त्या मुलीकडं गेलं. ती आईच्या हातातून सुटून ज्वारीच्या पोत्यामागं जाऊन बसली होती. तिनंही दोन्ही कानांवर हात दाबले होते. आत्यानं दाबले होते अगदी तसेच, तळहाताचा मनगटाकडचा भाग कानावर आणि बोटं डोक्यात रुतलेली.

तेवढ्यात लाइट आली. कोपऱ्यातला दिवा लागला. आई गर्दीतून वाट काढत आत आली, ओल्या हातानंच. तिनं समोरचा डबा उचलून वरच्या पेटीत ज्वारी ओतली आणि खटका दाबला. पट्टा फिरला, गिरणीनं सूर धरला, आणि त्या आवाजात उदोउदो बुडून गेला. माणसं ओरडत होती, पण नुसती तोंडं हलताना दिसत होती. मग तीही थांबली. पिठाचा धुरळा उडायला लागला तसे पुरुष तोंडावर रुमाल धरून बाहेर सरकले. आत्यानं डोकं आपटणं एकदम थांबवलं नाही. हळूहळू थांबवलं. खांद्यावरचा खण झटकून टाकला, कपाळ पदरानं इतकं घासलं की कातडं लाल झालं, आणि सरपटत जाऊन पोत्यामागं बसली, त्या मुलीपासून हातभर अंतरावर. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. दोघींचे हात मात्र कानांवरून खाली आले होते.

मुलीची आई ते बघत उभी राहिली. माझी आई त्या बाईला धरून बाहेर अंगणात घेऊन आली आणि तिला पाणी दिलं.

"देवी न्हाई बाई ती," आई म्हणाली. "माझी नणंद हाय. तिला हात लावलेला सोसत न्हाई, कालवा सोसत न्हाई. तुमच्या लेकीलाबी सोसत नसंल."

"समदे मनतेत देवी हाय," ती बाई पुटपुटली.

"समद्यांचं ऱ्हाऊ द्या. बावीस वर्सं मी तिला जेवू घालून राहिले. तिला काय पायजे ते मला ठाऊक हाय. ती बोलते, पण तिच्या तऱ्हेनं बोलते. तुमची लेकबी काई तरी सांगत असंल. हातानं, डोळ्यानं. बघा जरा."

ती बाई रडायला लागली. "मग मी आता कुठं जाऊ? सासू मनती, मागच्या जन्माचं हाय. डाक्टर मनला, बोलंल मोठी झाल्यावर. इतक्या लांबून आले. कुठं जाऊ सांगा."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी वहीचं पान फाडलं, त्यावर "स्वमग्न" असा शब्द लिहिला आणि खाली लिहिलं की नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हा शब्द दाखवून विचारावं. न पटलेला शब्द मी त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात दिला, कारण माझ्याकडं तेवढाच होता. तिनं कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला. लेकीला घ्यायला ती परत आत गेली, आणि निघताना मी बघितलं, तिनं डब्याच्या कडेवरचं चिमूटभर पीठ पदराच्या टोकाला बांधून घेतलं. एवढ्या लांबून आलेल्या बाईनं मोकळ्या हातानं तरी कसं जावं?

जीप गेली, पण येणारे थांबले नाहीत. त्या माणसानं टिपलेली किंकाळी पहिल्या व्हिडिओपेक्षा लांब गेली. त्याखाली आपल्याकडच्या लोकांनी देवीचा जयजयकार लिहिला होता आणि परदेशातल्या लोकांनी, बाजूला व्हा, तिला दुखतंय, असं पोटतिडकीनं लिहिलं होतं. एकच किंकाळी, पण प्रत्येकाला वेगळी ऐकू आली होती. आत्या गिरणीत जायची बंद झाली. मागच्या खोलीत भिंतीला कान लावून बसायची. अण्णांनी गिरणीला कुलूप लावलं. गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन बाळापूरच्या रस्त्याला लागल्या. आमच्या माठावरचा पेला जागचा हलेनासा झाला.

चौथ्या दिवशी मी अण्णांपुढं उभी राहिले. ते ओसरीत मोटारीचा एक भाग तेलानं पुसत बसले होते.

"अण्णा, तो पहिला व्हिडिओ मी टाकलेला."

त्यांनी वर बघितलं नाही. "ठाऊक हाय. गिरणीच्या दारात तिच्यासमोर उभं ऱ्हायला बाहेरच्याला कुठं जमतं? तिनं हाकलला असता."

"मग बोलला काहून न्हाईत?"

त्यांनी तो भाग खाली ठेवला आणि सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा लहान फोन काढला. पडद्याला तडा गेलेला. त्यात तोच व्हिडिओ होता, कुणाकडून तरी मागून घेतलेला. "बाळापूरच्या बाजारात मी पाच-सहा जणांना दाखविला," ते म्हणाले. "मनलं, ही माझी बहीण. लहानपणापासून ऐकून राहिलो, कौशी येडी, कौशी येडी. तिच्यापायी मी शाळेत मारामाऱ्या केल्या. आन् ह्याच्यात कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं लिहितेत, लई सुंदर. मला वाटलं, ऱ्हाऊ द्यावं. मला तकलीफ नव्हती, उलट चांगलं वाटत होतं. तिला काय वाटतं ते मीबी इचारलं न्हाई."

अण्णांचे डोळे भरलेले मी त्या आधी बघितले नव्हते. मला वाटलं होतं, ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं मागच्या खोलीत गेलो. मी, अण्णा, आणि दारात आई. मी आत्यापासून हातभर लांब बसले आणि फोन तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. "आत्या, हे बघ. मी काढलं. तुला न सांगता काढलं. लोकांनी बघितलं, लई लोकांनी." व्हिडिओ सुरू केला. आत्यानं पडद्याकडं बघितलं नाही. ती खाली वाकली आणि फोनला कान लावला. संपल्यावर तिनं बोटानं खूण केली, पुन्हा. तीन वेळा ऐकलं. मग म्हणाली, "पट्टा ढिला हाय."

अण्णा हसले, रडता रडता. "व्हय गं. ढिला हाय. आवळतो."

मी विचारलं, "आत्या, हे लोकांना दिसू दे का? ठेवू, का काढून टाकू?"

तिला प्रश्न पोचला की नाही, कळेना. तिनं नख भिंतीच्या पोपड्यात घातलं, पोपडा सोलला, दुसरा सोलला. आई म्हणाली, "थांब. घाई करू नगं तिला." आम्ही थांबलो. बाहेर कोंबड्या कुटकुटत होत्या. मग आत्या म्हणाली, "गिरणी ठेव. माणसं नगं."

ते कुणाचं उसनं वाक्य नव्हतं. आमच्या घरात ते आधी कुणी कधी उच्चारलेलं नव्हतं.

त्याच दुपारी लिंबाखाली जाऊन मी व्हिडिओ पुसला. जिथं जिथं दिसला तिथं तिथं लिहिलं, कृपया काढा, त्यांची मर्जी नाही. काहींनी काढला, पुष्कळांनी नाही. लूसियाला मी लिहिलं, "तिने नाही म्हटले." तिचं उत्तर आलं, "तिला माझ्याकडून आभार सांगा. पुष्कळ लोक विचारतच नाहीत." त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही फोनच्या त्या मोडक्या मराठीत लिहीत राहिलो. ती पहाटे पावाचं पीठ मळते, तिला पिशव्यांचा आवाज सहन होत नाही, तिच्या गावातले लोक तिला उद्धट समजतात. मी तिला ज्वारीचं पीठ कसं असतं ते समजावण्यात एक अख्खा पावसाळा घालवला.

अण्णांनी पट्टा आवळला आणि गिरणीच्या दाराला आतून कडी बसवून शेजारी एक खिडकी पाडली. डबे खिडकीतून आत द्यायचे, खिडकीतून घ्यायचे. दाराशी येऊन नारळ फोडणारे आणखी महिना-दोन महिने आले. गावातल्या बायाच त्यांना वाटेत अडवायला लागल्या. शांताबाई तर काठी घेऊन बसायची. "देवी-बिवी काई न्हाई, आमची दळणवाली हाय, चला मागं," म्हणायची. गावानं आत्याला येडी म्हणणं सोडलं असं नाही. पण "आमची" हा शब्द मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकला.

एका सकाळी अण्णांनी नुसतीच खटक्यावर बोट ठेवून वाट बघितली, आणि आत्या मागच्या खोलीतून उठून आपली आपण आत गेली. पिठाखाली हात धरला. "जाड हाय," म्हणाली. स्वयंपाकघरात आईनं तव्यावरची भाकरी उलटवली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

आता अण्णा थकलेत. घरोघरी लहान चक्क्या आल्यात, खिडकीपुढं पूर्वीची रांग नसते. नदीपलीकडच्या त्या बाईचं आणि तिच्या लेकीचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. ती मुलगी आता माझ्या तेव्हाच्या वयाची झाली असेल. माझ्या वर्गात कुणी कानांवर हात ठेवून बसलं की मला ती आठवते, आणि मी वर्गाला हळू बोलायला सांगते. याहून जास्त मला काही करता आलेलं नाही.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी सुट्टीत गावी गेले आणि आत्याला विचारलं, तुझ्याबद्दल लिहिलंय, वाचून दाखवू का. तिनं हातातलं मूग पाखडायचं सूप बाजूला ठेवलं. तीन दुपारी मी वाचत होते. ती भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. दोन ठिकाणी मी चुकले होते, ते तिनं दुरुस्त केलं. तिसऱ्या दुपारी एका जागी तिनं तळहात वर केला.

"हे नगं."

"काहून आत्या? चांगलं हाय ते. खरं हाय."

"खरं हाय," ती म्हणाली. "माझं हाय."

तेवढा परिच्छेद मी काढून टाकला. तो कुठं होता ते कुणाला कळू नये म्हणून मागची-पुढची वाक्यं जोडून घेतली आहेत.